दीपनगरचा थांबलेला संच

भुसावळहून वरणगावकडे निघाले की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. हतनूरच्या धरणातून तापीचे पाणी येते, रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा येतो. तो दळून पिठासारखा बारीक करतात, वाऱ्याच्या झोतासोबत बॉयलरमध्ये फुंकतात, आणि वाफेवर टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेते. 1968 मध्ये इथे पहिला संच आला, अवघा 62.5 मेगावॅटचा. पुढे 210चे दोन आले, मग 500चे दोन. 660 मेगावॅटच्या संचाचे काम भेलला 2018 मध्ये मिळाले आणि तो उभा राहायला पाच वर्षांहून अधिक काळ गेला. त्याच्या बॉयलरमधला दाब इतका प्रचंड की पाण्याला उकळीच फुटत नाही, ते थेट वाफ होते.

2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाले. दीपनगर महानिर्मितीकडे गेले, घराघरातले मीटर महावितरणकडे. विकणारा वेगळा, बनवणारा वेगळा. महावितरण महानिर्मितीकडून वीज घेते, तशी एनटीपीसीकडून आणि तिरोड्याच्या अदानी केंद्राकडूनही घेते. बनवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा, ही रीत चिपच्या धंद्यातही 1987 पासून रुळली. तैवानच्या टीएसएमसीने स्वतःच्या नावाची चिप न विकता दुसऱ्यांच्या चिप बनवून द्यायचे ठरवले, आणि ॲपल, एनव्हिडियासारख्या कंपन्या स्वतःचा चिप-कारखाना न उभारता मोठ्या झाल्या. या रीतीतली जोखीम करोनात उघडी पडली. मोटार कंपन्यांनी 2020 मध्ये मागणी रद्द केली, ती क्षमता लॅपटॉप-मोबाइलवाल्यांनी घेतली. गाड्यांची मागणी परतली तेव्हा चिप मिळेना. सप्टेंबर 2021 मध्ये महिंद्रालाही काही दिवस उत्पादन बंद ठेवावे लागले.

विजेची तर साठवणही अवघड. कोणता संच किती चालवायचा, हे ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र सांगते. ज्याची वीज स्वस्त, त्याला आधी संधी. यालाच मेरिट ऑर्डर म्हणतात. दीपनगर खाणींपासून दूर, त्यामुळे कोळशाच्या भाड्याचा बोजा इथल्या प्रत्येक युनिटवर चढतो. म्हणून मागणी उतरली की जुना 210चा संच बंद ठेवला जातो. थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवायचा तर आधी तेल जाळावे लागते, आणि पूर्ण भार घेईपर्यंत कित्येक तास जातात.

असा थांबलेला संच म्हणजे वाया गेलेला पैसा, असे अनेकांना वाटते. मला हे पटत नाही. भारनियमनात अंधारात बसलेल्या आणि केळीला पाणी द्यायला रात्री-अपरात्री मोटार चालू करायला गेलेल्या खानदेशाला राखीव क्षमतेचे मोल ठाऊक आहे. संच उपलब्ध ठेवल्याबद्दल महावितरण स्थिर आकार देते, आणि तो द्यायलाच हवा. दिवसा सौर वीज वाढते आहे, पण दिवेलागणीला ती संपते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. ती पेलायला तयार संच लागतो.

मात्र त्या हिशेबात राखेचीही बाब हवी. वीज राज्यभर जाते. राख मात्र इथेच, वेल्हाळ्याच्या तळ्यात साठते. सिमेंट आणि विटांना ती चालते, तरी उन्हाळ्यात वारा सुटला की आसपासच्या शेतांना तिचा त्रास होतो. वीज खरेदीच्या करारात दर युनिटमागे पैशापैशाची घासाघीस होते. त्यातलाच एक पैसा या शेतांसाठी बाजूला काढायला हवा.