बराकी, धावपट्टी आणि सातबारा

भोपाळहून इंदूर रस्त्याला लागलं की काही वेळात बैरागढ येतं. सरकारी दफ्तरात त्याचं नाव आता संत हिरदाराम नगर, पण लोकांच्या तोंडी बैरागढच. लग्नसराईत कापड घ्यायला सारं भोपाळ इथल्या बाजारात लोटतं. बाजाराच्या एका अंगाला लष्कराच्या विद्युत आणि यांत्रिकी अभियंत्यांचं, म्हणजे ईएमईचं, केंद्र आहे. थोडं पुढे राजा भोज विमानतळ, ज्याची काचेची नवी इमारत जून २०११ मध्ये सुरू झाली. सिंधी व्यापाऱ्यांची पेठ, फौजी छावणी आणि विमानतळ या तीन गोष्टी इथे योगायोगानं शेजारी आलेल्या नाहीत. तिन्हींची मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत.

तेव्हा भोपाळ हे संस्थान होतं आणि गादीवर नवाब हमीदुल्ला खान होते. त्यांना विमानांची मनापासून आवड. युद्धखर्चात त्यांनी इंग्रजांना हात दिला. त्यांची थोरली मुलगी आणि गादीची वारस आबिदा सुलतान हिनं १९४२ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला. त्याच काळात बैरागढच्या माळावर रॉयल एअर फोर्सनं तळ थाटला आणि एअर गनर तयार करणारी शाळा चालवली. बॉम्बफेकी विमानाच्या पाठीवर नाहीतर शेपटीत काचेच्या घुमटात बसून मशीनगन चालवणारा माणूस म्हणजे एअर गनर. धावत्या विमानातून धावत्या विमानावर नेम धरणं हे महाकठीण काम. मागून येणारं शत्रूचं विमान आधी त्यालाच दिसायचं, आणि पहिली गोळीही बहुधा त्याच्याच वाट्याला यायची.

तळाच्या जोडीला आणखी एक वस्ती उभी राहिली. उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन सैनिक जहाजांनी भारतात आणले गेले. त्यांची संख्या साठ हजारांवर होती. त्यांच्या मोठ्या छावण्यांमध्ये बंगळूर, डेहराडून, कांगड्यातलं योल यांच्याबरोबर भोपाळही होतं. युद्ध संपलं, कैदी मायदेशी गेले, तारेचं कुंपण आणि रिकाम्या बराकी मागे राहिल्या. आणि १९४७ नंतर त्याच बराकींत सिंधमधून उखडले गेलेले लोक येऊन राहिले. आजचं बैरागढ त्यांनी उभं केलं.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल, कारण तिची जुळी बहीण ठाणे जिल्ह्यात आहे. कल्याणजवळ युद्धकाळात लष्कराची अवाढव्य छावणी होती, दोन हजारांवर बराकींची. फाळणीनंतर जवळपास लाखभर सिंधी निर्वासितांना तिथे आणलं गेलं. मधोमध लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी बराकीची रचना. त्या दालनात गोणपाटाचे नाहीतर साड्यांचे पडदे लावून एकेका कुटुंबानं आपलं घर आखून घेतलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे नव्या शहराची कोनशिला बसली आणि त्याचं नाव उल्हासनगर ठरलं. पत्ता सांगताना तिथला माणूस अजूनही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतो.

उल्हासनगरला लागूनच नेवाळी आहे. तिथेही युद्धकाळातला विमानतळ, आणि त्याची कहाणी आजही धगधगती आहे. १९४२-४३ च्या सुमारास आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून जास्त जमीन धावपट्टीसाठी घेतली गेली. गावकऱ्यांचं म्हणणं असं की जमीन युद्धापुरती घेतली होती आणि नंतर ती परत मिळायची होती. ती परत मिळाली नाही, पुढे नौदलाच्या ताब्यात गेली. तरीही गावकरी पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात आणि भाजी पिकवत राहिले. नौदलानं कुंपणाची भिंत घालायला घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी उद्रेक झाला. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलिसांनी बळ वापरलं, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले.

महायुद्धातल्या विमानतळांचा वारसा जपायचा म्हणजे काय जपायचं, हा प्रश्न नेवाळीत सगळ्यात टोकदार होतो. इंग्लंडमध्ये त्याचं उत्तर बऱ्यापैकी ठरून गेलं आहे. तिथे युद्धकाळात शेतांमध्ये शेकडो विमानतळ उगवले आणि युद्ध संपताच ओस पडले. धावपट्ट्या उखडून खडी विकली गेली, हँगरमध्ये धान्य भरलं गेलं, कंट्रोल टॉवरवर वेली चढल्या. १९७७ साली नॉर्फोकमधल्या थॉर्प ॲबट्स गावच्या काही लोकांनी तिथला पडका टॉवर झाडून-पुसून दुरुस्त करायला घेतला. अमेरिकेच्या शंभराव्या बॉम्बर ग्रुपचा हा तळ. १९८१ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं आणि ते आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. त्याच १९७७ मध्ये हौशी अभ्यासकांनी एअरफील्ड रिसर्च ग्रुप काढला. एअरफील्ड्स ऑफ ब्रिटन कन्झर्व्हेशन ट्रस्ट ही आणखी एक संस्था. विसरल्या गेलेल्या तळांच्या जागी ती कोरीव दगड उभे करते, म्हणजे वाटसरूला निदान कळावं की इथून विमानं उडत होती.

त्यातही लिंकनशरमधल्या पँटन बंधूंची गोष्ट मनात घर करते. फ्रेड आणि हॅरॉल्ड पँटन हे शेतकरी, कुक्कुटपालन करणारे. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर मार्च १९४४ मधल्या न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात विमानासह पडला. भावांनी ईस्ट कर्कबीच्या जुन्या तळाची जमीन घेतली, तिथे कोंबड्यांच्या शेड घातल्या, आणि धंद्यातून साठलेल्या पैशातून एक लँकेस्टर विमान विकत आणलं. १९८८ मध्ये त्यांचं संग्रहालय सुरू झालं. ‘जस्ट जेन’ नावाचं ते विमान आजही चारही इंजिनं चालू करून धावपट्टीवर फिरवतात. सरकारी योजनेची वाट न पाहता एका शेतकरी कुटुंबानं भावाच्या आठवणीसाठी हे केलं, म्हणून त्यांचं काम मोठं.

पण पँटन बंधूंना ती जमीन रीतसर विकत घेता आली, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. नेवाळीच्या शेतकऱ्याला आपलीच जमीन मागत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. आपल्याकडच्या विमानतळाचा इतिहास लॉगबुकांत जितका आहे, तितकाच सातबाऱ्यात आणि फेरफारात आहे. दोन्ही कागद एका टेबलावर आल्याशिवाय तो पुरता कळणार नाही.

१९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि हिंदुस्थानात विमानतळ बांधण्याची घाई उडाली. दोन-अडीच वर्षांत देशभर दोनशेहून जास्त तळ उभे राहिले. यंत्रं तुटपुंजी होती, त्यामुळे माती, खडी आणि मुरूम वाहिला तो मजुरांनी, त्यातही मोठ्या संख्येनं बायकांनी, डोक्यावरच्या टोपल्यांतून. आज आपण ज्यांवरून ये-जा करतो त्यांतले कितीतरी विमानतळ याच काळात एकतर जन्मले नाहीतर मोठे झाले. मुंबईचं सांताक्रूझ, पुण्याचं लोहगाव, नागपूरचं सोनेगाव, गोंदियाजवळची बिरसी, बेळगावचं सांबरे, सगळी त्यातलीच. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची. तिथूनच डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हंटर विमानं गोवामुक्तीच्या मोहिमेवर निघाली आणि त्यांनी बांबोळीचं नभोवाणी केंद्र बंद पाडलं. सोनेगावचंही तसंच. तिथे १९४९ पासून रात्रीची टपालसेवा सुरू झाली. चारही महानगरांतून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. युद्धानं बांधलेल्या गोष्टी शांततेनं अशा वापरल्या.

लोहगावचा एक उपकार तर जगभरच्या विमानप्रेमींवर आहे. युद्ध संपल्यावर बॉम्बफेकी लिबरेटर विमानं कानपूरच्या चकेरी तळावर मोडीत काढली गेली होती. पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून ती मुद्दाम खिळखिळी केली होती. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी एकाचा पंख, दुसऱ्याचं चाक असं करत त्यांतली चाळीसेक विमानं पुन्हा उभी केली, बंगळूरला उडवत नेली आणि हवाई दलाला दिली. पुण्याहून ती १९६८ पर्यंत उडत राहिली. निवृत्त झाल्यावर त्यांतली काही परदेशी संग्रहालयांनी मागून नेली. अमेरिकेतल्या पिमा संग्रहालयातलं आणि लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं लिबरेटर भारतातूनच गेलेलं. एक दिल्लीत पालमला आहे. जगात धडपणे उरलेली लिबरेटर विमानं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली बरीचशी या भंगारातून जगली.

आपल्याकडे अशा कामाला हात घालणारे नाहीत असं नाही. मणिपुरात ‘सेकंड वर्ल्ड वॉर इम्फाळ कॅम्पेन फाउंडेशन’ या स्थानिक अभ्यासकांच्या गटानं वर्षानुवर्षं डोंगर-शेतं पालथी घालून काडतुसं, शिरस्त्राणं, पाण्याच्या बाटल्या आणि मरण पावलेल्यांच्या खुणा गोळा केल्या. २०१९ मध्ये रेड हिलच्या पायथ्याशी इम्फाळ शांतता संग्रहालय उघडलं, त्यामागे जपानच्या निप्पॉन फाउंडेशनचं बळ होतं तसं या लोकांचं पायपीट करून जमवलेलं ज्ञानही होतं. इम्फाळजवळचा कोइरेंगेई हा १९४४ च्या जपानी वेढ्यातला महत्त्वाचा विमानतळ. पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले अर्जनसिंग तेव्हा इम्फाळहून एक नंबरच्या स्क्वॉड्रनचं नेतृत्व करत होते.

ईशान्येच्या गावांमधून फिरताना कुंपणांकडे नीट पाहावं. दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, ओळीनं गोल भोकं पाडलेले पोलादी पत्रे तिथे अजून दिसतात. एकाचं वजन सुमारे तीस किलो, भोकं सत्त्याऐंशी. कडेच्या आकड्या एकमेकींत अडकवून हे पत्रे चिखलावर पसरले की दोन-चार दिवसांत धावपट्टी तयार व्हायची. भोकं पाडल्यानं वजन घटायचं आणि पावसाचं पाणीही निचरून जायचं. युद्ध संपल्यावर लोकांनी ते उचलून गोठ्याला, फाटकाला, ओढ्यावरच्या साकवाला लावले. संग्रहालयातल्या काचेआडच्या पत्र्यापेक्षा गोठ्यातला हा पत्रा जास्त बोलतो, कारण त्यावर वापराचा गंज आहे आणि तो कुणी, कुठून, केव्हा आणला हे सांगणारं माणूस घरात असतं.

ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात अमर्दा रोडचा तळ आहे. तिथे लढाऊ वैमानिकांना हवाई डावपेच शिकवणारी शाळा होती, ब्रिटिश वैमानिक फ्रँक कॅरी तिचे प्रमुख. २६ जुलै १९४५ रोजी दोन लिबरेटर हवेत एकमेकांवर आदळून चौदा जण गेले, ती घटना याच टापूतली. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेचे अनिल धीर यांच्यासारख्या अभ्यासकांनी पाठपुरावा केला म्हणून ती पुन्हा लोकांसमोर आली. अरुणाचलात पासीघाटला नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘हंप’ मार्गावरच्या विमानांचं संग्रहालय उघडलं. हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद नेताना कोसळलेल्या अमेरिकी विमानांचे अवशेष तिथल्या डोंगरांत विखुरले होते. ते शोधायला पुढे झाले ते तिथले वाटाडे आणि शिकारी.

कायद्याचा आधार मात्र फार तोकडा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. १९४२ मधली बराक या मापाला २०४२ मध्ये उतरेल. तोवर तिचं भविष्य विटांचा भाव, रस्तारुंदी आणि बिल्डरचा नकाशा हेच ठरवणार. धावपट्ट्यांचं तर विचारूच नका. चालू विमानतळावर जुनं काँक्रीट नव्या डांबराखाली जातं, आणि सुरक्षेमुळे बाहेरच्या माणसाला तिथे पाऊल टाकता येत नाही. ते बरोबरच आहे. त्यामुळे स्वयंसेवकांना दगड-विटांच्या आधी कागद आणि माणसं गाठावी लागतील.

या बाबतीत भोपाळ भाग्यवान आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचं प्रादेशिक कार्यालय याच शहरात आहे आणि नवाबी काळातले कागद तिथे आहेत. त्यांत उर्दू आणि फारसी वाचणारा माणूस लागेल, आणि तशी माणसं भोपाळमध्ये मुबलक आहेत. रॉयल एअर फोर्सच्या तळांच्या दैनंदिन नोंदी, फॉर्म ५४० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लंडनमधल्या क्यू इथल्या दप्तरखान्यात आहेत आणि त्यांच्या प्रती मागवता येतात. कैद्यांच्या बाजूनं पाहायचं तर इटलीत त्यांच्या घराघरांत पत्रं आणि चित्रं आहेत. बैरागढच्या बाजूनं पाहायचं तर सिंधहून आलेल्यांची मुलं आज ऐंशीच्या आसपास आहेत. बराकीत गोणपाटाआड गेलेलं बालपण त्यांना लख्ख आठवतं. आणि धावपट्टीखाली ज्यांची शेतं गेली त्यांच्या घरी पोतडीत कुठेतरी जुनी कागदपत्रं असतात.

यांतली फक्त विमानांची बाजू जपली गेली तर तो वारसा एकांगी होईल, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे. परदेशातली बहुतेक विमानतळ-संग्रहालयं वैमानिकांची आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तिथून उडालेले हजारो तरुण परतले नाहीत. आपल्याकडे त्याच जागेवर इटालियन कैदी, सिंधी निर्वासित आणि जमीन गमावलेला शेतकरीही उभा आहे. बैरागढचं एखादं छोटं दालन उद्या उभं राहिलं, तर त्यात एअर गनरच्या पट्ट्याशेजारी बराकीतल्या कुटुंबाचं रेशनकार्ड असावं, आणि नवाबाच्या फर्मानाशेजारी शेतकऱ्याचा खसरा, म्हणजे तिकडचा सातबारा.

भोपाळच्या मराठी मंडळींनी, उल्हासनगर-कल्याणच्या शाळा-कॉलेजांतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी, बेळगाव-गोंदियाच्या वाचकांनी या कामाला या हिवाळ्यातच हात घालावा. मोबाइलमध्ये आजी-आजोबांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं, जुन्या फोटोमागे नाव, गाव आणि साल पेन्सिलीनं लिहून ठेवावं, जमिनीच्या कागदांची एक प्रत काढून जवळच्या ग्रंथालयात द्यावी. बराक आणखी दहा वर्षं टिकेल कदाचित. त्यात राहिलेली माणसं तेवढी थांबणार नाहीत.