नुसत्या नंबराचे पैसे कशाला?

केळीच्या वेफर्सच्या ऑर्डरी घ्यायला एका बचत गटाने ऑफिसचा फोन घ्यायचं ठरवलं. विक्रेत्याच्या कागदावर होतं, 'दहा डायरेक्ट नंबर', आणि त्यांचं दरमहा वेगळं भाडं. बहिणींनी विचारलं, "ताई, नंबर म्हणजे नुसते आकडे. त्याचे पैसे कसले?"

प्रश्न रास्त आहे. मोठ्या ऑफिसात दर टेबलाला वेगळी लाइन नसते. 'पीआरआय' नावाच्या एका जोडणीवर एका वेळी ३० जण बोलू शकतात, पण तिच्यावर नंबर १०० सुद्धा घेता येतात. बाहेरून नंबर लावला की फोन थेट त्याच टेबलावर वाजतो.

मात्र नंबर अमाप नाहीत. जळगावचा कोड ०२५७, त्यापुढे सात अंक. धुळ्याचा ०२५६२, त्यापुढे सहाच; म्हणजे सगळे मिळून दहा लाखही भरत नाहीत. केंद्राचा दूरसंचार विभाग ते कंपन्यांना वाटून देतो. तुमच्या नावचा नंबर वापरा, न वापरा, दुसऱ्याला देता येत नाही. आठवडे बाजारात जागा अडवली की माल विको न विको, पावती फाडावीच लागते, तसंच हे. त्यात कंपनीचा नफाही असतो. म्हणून घासाघीस करायला लाजू नका.

सही करण्याआधी दोन गोष्टी मोजा. एका वेळी किती फोन येतात? किती जणींना स्वतंत्र नंबर लागतो? ऑर्डर एकच ताई घेत असेल, तर एक नंबर पुरे. बाकीचं भाडं गटाच्या खात्यात राहू द्या.