इंजिन सीझ झालं? आधी पिस्टन बघा!

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. तरी पार्किंगमध्ये एखादी दिसतेच, आणि मडगार्ड उतरवून, जाड गोट्यांचे टायर चढवून तिची 'डर्ट बाइक' करणारे बहाद्दरही असतात. चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी सतत पिळली, वारा कमी मिळाला, की एअर-कूल्ड इंजिन तापतं आणि धावता धावता मागचं चाक जागीच लॉक होतं. अशा वेळी आधी क्लच दाबायचा! गाडीचं नंतर बघता येतं.

आता हे होतं कसं? पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह बिडाची. तापमान एक अंश वाढलं की ॲल्युमिनियम मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं, बीड ११. आरएक्सचा बोअर ५० मिमी. म्हणजे १०० अंशांना पिस्टन स्लीव्हपेक्षा सुमारे ०.०६ मिमी जास्त फुगला. दोघांत मुळात फट असते ती काही शतांश मिलिमीटरची! वर पिस्टन नेहमी स्लीव्हपेक्षा जास्त गरम. मध्ये ऑइलचा थर नसेल तर ॲल्युमिनियम स्लीव्हला चिकटणारच.

किक अडकली की लोक तिच्यावर उभे राहतात. कृपया नको. आधी प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हलकेच पुढे-मागे करा. थोडं जरी हललं तरी आशा आहे. पावसाळाभर उभी राहून गंजलेली गाडी असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल सोडा आणि रात्रभर तशीच राहू द्या.

मग हेडचे नट, तेही थंड इंजिनावर, समोरासमोरचे थोडे थोडे करून सोडवा. ब्लॉक निघेना तर लाकडाचा ठोकळा धरून हळू ठोका. पंख्यांवर हातोडी मारली की ते तुटलेच म्हणून समजा. ब्लॉक उचलताच खाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर सर्क्लिप आत पडते आणि तासाभराचं काम आठवड्यावर जातं.

आणि आता खरा मुद्दा. नवा पिस्टन आणायला पळू नका, जुना वाचा. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर उष्णता जास्त किंवा ऑइल कमी. सगळीकडून घासला असेल तर ऑइलच पोचलं नाही : टाकी रिकामी, पंपात हवेचा बुडबुडा किंवा पंपाची केबल ढिली. डोक्याला भोक पडलंय, कडा वितळल्यात, प्लग पांढराफटक आहे? मग मिश्रण लीन झालंय किंवा टायमिंग चुकलंय. कार्ब्युरेटरचा जॉइंट आणि मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँक सील हवा ओढतंय का ते तपासा. (क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि धूर येतो, तो वेगळा तमाशा.) हे कारण न शोधता नवा पिस्टन टाकला तर तोही जाणार, आणि मेसच्या बिलाएवढे पैसे पुन्हा जाणार.

कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. आडवा थोडा प्ले चालतो, उभा अजिबात नाही. असेल तर क्रँक वर्कशॉपला. स्लीव्हला नुसतं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर ऑइल लावून बारीक एमरीने निघतं. नखाला खाच लागली की मात्र लेथवाल्याकडे रिबोअर, आणि ओव्हरसाइझ पिस्टन आधी हातात घेऊन त्याच्या मापाने. परदेशी मोटोक्रॉस गाड्यांच्या सिलिंडरला बहुधा निकेलचा मुलामा असतो, तिथे हा उद्योग करू नये.

जोडताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप नव्याच. रिंगची तोंडं खोबणीतल्या बारीक पिनवर नीट बसली पाहिजेत, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते.

पंपातली हवा काढा. तरीही पहिल्या टाकीत लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल घाला, धूर होऊ दे. पहिले ५०० किलोमीटर फुल थ्रॉटल नाही, आणि लांब घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी रोखू नका. तेव्हा इंजिन जोरात फिरतं पण ऑइल जेमतेम मिळतं. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.