पेटीतून उतरलेली भुतं

जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी १९५६पर्यंत हे गाव हैदराबाद राज्यात होतं, मग चार वर्षं द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि १९६०पासून महाराष्ट्रात. सरकारी दफ्तरात नोंदी बदलत राहिल्या, पण सिनेमाच्या धंद्याचा नकाशा बदलला नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरकांनी देशाचे जे विभाग पाडले होते, त्यांत मुंबई-पुणे ‘बॉम्बे’ सर्किटमध्ये, विदर्भ ‘सी.पी. बेरार’मध्ये आणि मराठवाडा ‘निजाम’मध्ये. राज्य गेलं, संस्थान गेलं, तरी व्यापारी बोलीत जालना, परभणी, नांदेड ही गावं तेलंगण, बीदर आणि गुलबर्ग्याच्या पंगतीतच बसत राहिली. मुंबईत चित्रपट तयार झाला की निर्माता त्याचे हक्क असे सर्किटवार विकायचा. ज्याच्याकडे मोठा नट नाही, त्याला बॉम्बे सर्किटमध्ये चांगलं थिएटर मिळायची मारामार. मग त्यानं बघायचं कुणाकडे? आमच्यासारख्या गावांकडे.

महाराष्ट्रात भयपट, आणि त्याच्या कुशीत वाढलेला भयविनोदी चित्रपट, तगला तो या हिशेबामुळे. त्याच्या निर्मितीच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. तो पोचला कसा, हे फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. हे चित्रपट कुठं चालणार ते आधी ठरत होतं, आणि त्यावरून ते कसे काढायचे ते ठरत होतं.

सुरुवात एका अपयशापासून झाली, आणि त्यात एक अस्सल मराठी नाव आहे. ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर. त्यांनी १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. निर्माते होते फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी, म्हणजे एफ. यू. रामसे. फाळणीपूर्वी कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. रामसिंघानी हे आडनाव इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेला पेलेना, म्हणून त्याचं रामसे झालं, असं कुटुंबात सांगितलं जाई. चित्रपट पडला. पण त्यांच्या मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट टिपली. मुखवटा चढवलेला पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतो, गोळ्या त्याला लागत नाहीत, त्या प्रसंगाला लोक किंचाळत होते आणि पुन्हा तेवढ्यासाठी येत होते. मुलांनी वडिलांना सुचवलं, बाकीचं सगळं सोडून देऊ आणि असाच अख्खा चित्रपट करू.

तो चित्रपट म्हणजे १९७२चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’. तो महाबळेश्वरात चित्रित झाला. त्या काळी हिंदी चित्रपट नटांच्या तारखांवर लटकत वर्ष-दोन वर्षं चाले. रामसे मंडळींनी नामवंत नट घेतलेच नाहीत. मोजकी माणसं बसमध्ये घातली, सरकारी विश्रामगृहात मुक्काम टाकला आणि चाळीस दिवसांच्या आसपास काम उरकलं. खर्च साडेतीन लाखांच्या घरात आला, असं ते पुढं मुलाखतींत सांगत. सात भाऊ, आणि प्रत्येकाकडे एकेक खातं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन बघत, कुमार लिहीत, गंगूच्या हाती कॅमेरा, किरणकडे आवाज, अर्जुनकडे संकलन, केशूकडे निर्मितीची धावपळ. स्वयंपाक, कपडे, रंगभूषा घरच्या बायकांनी सांभाळली. सेटवर बाहेरचा माणूस जेवढा कमी, तेवढा खर्च कमी. श्रेयनामावलीत त्या बायकांची नावं यायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. हा धंदा त्यांच्याही श्रमावर उभा राहिला.

प्रदर्शनाची तऱ्हाही निराळीच. मोठ्या जाहिरातीला पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी रेडिओचा आधार घेतला. चित्रपटातले आवाज, किंकाळ्या, दारांची करकर, थोडी गोष्ट असा प्रायोजित कार्यक्रम प्रदर्शनाआधी श्रोत्यांपर्यंत पोचवला. रेडिओ विकण्यात ज्या बापाची उमेदीची वर्षं गेली, त्याला आवाजाची किंमत नेमकी ठाऊक होती. भुताचा चेहरा आधी दिसला तर त्याचं भय ओसरतं, पण नुसता आवाज ऐकला की माणूस मनातल्या मनात चेहरा रंगवतो आणि तो बघायला तिकीट काढतो. रेडिओ तर गावोगावच्या चहाच्या हॉटेलात होताच. पुढं रिळांची पेटी रेल्वेनं, एस.टी.नं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत राहायची. या चित्रपटांचा खरा गल्ला महानगरातल्या पहिल्या आठवड्यात नव्हता. तो लहान गावांतल्या रात्रीच्या खेळांत होता, आणि एकच प्रिंट पुन्हा पुन्हा लावून वर्षानुवर्षं गोळा होत राहिला. रिळं घासली जायची, मधले तुकडे गळायचे, तरी लोक यायचे.

विनोद या भयपटांत शिरला तो याच वाटेनं. १९८४चा ‘पुराना मंदिर’ घ्या. रामसेंचं सर्वांत मोठं यश. सामरी या राक्षसाचा शाप, पिढ्यानुपिढ्या मरणाऱ्या लेकी, पडका वाडा. त्यांच्या अशा वाड्यांसाठी मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा अनेकदा कामी आला. या सगळ्याच्या मधोमध जगदीपचा मच्छर सिंग येतो आणि ‘शोले’ची सरळ नक्कल सुरू होते. मूळ कथेशी त्याचा धड संबंध नाही. समीक्षकांनी हा भाग कायम ठिगळ म्हणून मोडीत काढला. मला ते पटत नाही. हा चित्रपट प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा, रात्री बघायचा, आणि खेळ सुटल्यावर अंधारातून पायी घरी जाणाऱ्या माणसांचा. दोन तास नुसतं भय त्यांना सोसलं नसतं, आणि तिसऱ्या प्रसंगानंतर भयाची धारही राहिली नसती. हसून छाती मोकळी झाली की पुढचा दचका पुन्हा पहिल्याइतकाच बसतो. शिवाय जगदीप हे नाव पोस्टरवर चाले, आणि वितरकाला तेवढा तरी आधार लागे. धंद्याची निकड आणि प्रेक्षकाच्या श्वासाची समज, दोन्ही त्या मच्छर सिंगमध्ये एकत्र आहेत. एक उणीव मात्र खरी. इथं भूत आणि विनोद शेजारी शेजारी राहतात, एकमेकांच्या घरात जात नाहीत.

ती भिंत मराठीनं पाडली. १९९३ साली, छोट्या पडद्यावर रामसेंचा ‘झी हॉरर शो’ सुरू झाला त्याच वर्षी, महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. कोठारे हे ‘छोटा जवान’मधले बालकलाकार, शिक्षणानं वकील. १९८५च्या ‘धुमधडाका’पासून ते स्वतः निर्माता आणि दिग्दर्शक अशी दुहेरी जोखीम घेत आले होते. १९९०च्या ‘धडाकेबाज’मधून त्यांनी मराठीत सिनेमास्कोप आणला. ‘झपाटलेला’चं बीज १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातलं आहे, हे उघड आहे. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आणि ज्याला त्यानं आपली ओळख आधी सांगितली त्याच्याच देहात त्याला जायचं असतं.

पण उसन्या बीजाला कोठाऱ्यांनी जी माती दिली ती पूर्ण इथली होती. अमेरिकी चित्रपटात बाहुली फेरीवाल्याकडून घेतलेली. इथं ती बोलक्या बाहुल्यांच्या परंपरेतून येते. लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या बाहुल्या बोलवणारा आहे. आता गंमत बघा. ज्याचं कसबच बाहुल्याला बोलवण्याचं आहे, तो गावाला सांगतो की हा बाहुला आपलाआपण बोलला, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? या एका बदलानं भय आणि हसू एकाच वाक्यात बसले. लक्ष्या जितका जिवाच्या आकांतानं खरं सांगतो, तितके बाकीचे हसतात. प्रेक्षकही हसतो, आणि त्याच क्षणी त्याला कळतं की या माणसाचा जीव खरोखर धोक्यात आहे.

बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. वडील य. के. पाध्ये यांनी जन्माला घातलेला अर्धवटराव ज्यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत नेला, तेच हे. या बाहुल्याच्या, म्हणजे तात्या विंचूच्या, भुवया, जबडा, मान, सगळं हातानं चालवलेलं होतं, संगणकाची करामत नव्हती. आवाज आणि मूळ गुन्हेगाराची भूमिका दिलीप प्रभावळकरांची. तो आवाज मला या चित्रपटाचा कणा वाटतो. त्यात अर्वाच्यपणा नाही, आरडाओरड कमी, आणि एक थंड, चेष्टेखोर धमकी आहे. लाकडी वाटणारा चेहरा आणि असा जिवंत आवाज यांच्यातली फट हेच त्याचं भय. आज तो जबडा कृत्रिम दिसतो असं कुणी म्हणेल. तो तेव्हाही बाहुलाच दिसत होता. बाहुला दिसूनही भीती वाटते, यातच सगळी कारागिरी आहे. मराठी निर्मात्याच्या खिशात जेवढे पैसे होते, तेवढ्यात याहून चांगलं भूत उभं राहिलं नसतं.

मराठी चित्रपटाला निजाम-बॉम्बेच्या भव्य सौद्यांत स्थान नव्हतं. राज्य सरकारनं १९७५ साली मराठी निर्मात्याला करमणूक कर परत देण्याची योजना आणली, तिनं निर्मिती टिकून राहिली, पण पडदे वाढले नाहीत. मोजक्या प्रिंट, आणि त्याच गावोगाव फिरवायच्या. जत्रांच्या मोसमात तंबू थिएटर हा मोठा आधार. कनात ठोकायची, पडदा ताणायचा, ट्रकमध्ये प्रोजेक्टर, कर्ण्यावरून पुकारा, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली कुटुंबं. ‘झपाटलेला’ तिथं रुजण्याचं कारण उघड आहे. ज्या लोकांनी मुंजा, खवीस, हडळ, चकवा यांच्या कहाण्या ओट्यावर ऐकल्या, त्यांच्यासमोर बिपीन वर्टींचा कुबड्या खवीस आणि तात्या विंचू पाहुणे म्हणून आले नव्हते. १९९५मध्ये ‘खिलौना बना खलनायक’ या नावानं तो हिंदीत आला, पुढं दूरचित्रवाणीनं उचलून धरला. २००४च्या डिसेंबरात बेर्डे गेले. २०१३चा ‘झपाटलेला २’ थ्रीडी तंत्रात आला, मराठीतला तो पहिलाच प्रयोग होता. तंत्र बाहेर झेपावलं, पण माझ्या मते पहिल्या बाहुल्याची सर त्याला नाही.

तोकड्या पैशात भय आणि हसू एकत्र उभं केल्याची उदाहरणं जगातही आहेत. शिनइचिरो उएदा या जपानी दिग्दर्शकानं एका अभिनयशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन सुमारे ३० लाख येनमध्ये ‘वन कट ऑफ द डेड’ केला. पहिली ३७ मिनिटं एकाच सलग दृश्यात, झोंबींवरचा भुक्कड चित्रपट वाटावा अशी. त्यानंतर तो असा का दिसला हे उलगडतं, आणि थिएटर हसून लोळतं. २०१७च्या नोव्हेंबरात टोकियोत काहीच दिवस दाखवलेला हा चित्रपट २०१८च्या जूनमध्ये दोन लहान थिएटरांत लागला. पाहिलेल्यांनी रहस्य फोडलं नाही, फक्त ‘बघाच’ म्हणत राहिले. पडदे तीनशेच्या वर गेले, कमाई तीन अब्ज येनच्या पुढं. तिथंही एका कुटुंबासारख्या टोळीनं केलेलं काम, आणि तिथंही प्रेक्षकानंच वाहून नेलेली पेटी.

आपल्याकडे २०२४ साल या बाबतीत लक्षणीय ठरलं. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा ‘तुंबाड’ विनोदी नाही, पण त्याची वाट याच कुळातली. काही पावसाळे थांबून चित्रित केलेला, पहिल्या खेपेला गल्ल्यावर बेताचा ठरलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला आणि त्यानं आपल्या पहिल्या कमाईलाच मागं टाकलं. त्याच वर्षी आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ कोकणातलं भूत घेऊन आला, आणि मोठा तारा नसताना देशभर हसवत-घाबरवत शंभर कोटींच्या पुढं गेला.

कोकणाला मुंज्या मिळाला, सासवडच्या वाड्यात ‘तुंबाड’चा हस्तर वावरला. मराठवाड्याचं भूत पडद्यावर यायचं आहे, आणि ते जालना जिल्ह्यातून यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. यासाठी लागणारी माणसं इथं आहेत. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे शेतकरी-नाटककार राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिलं. त्यात यम पृथ्वीवर उतरून वणवण फिरतो आणि सभागृह हसत हसत अस्वस्थ होतं. नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या नाटकातले कितीतरी कलावंत याच जिल्ह्यातल्या खेड्यांतले. यमाला बोलतं करण्याची ताकद ज्या बोलीत आहे, तिला खवीस किंवा चकवा जड नाही. भारनियमनातली रात्र, विहिरीवरची मोटार चालू करायला निघालेला एकटा गडी, बांधावरचा पिंपळ, एवढ्यावर चित्रपट उभा राहतो. कॅमेरा आता खिशात मावतो. पडद्याची अडचण असेल तर गणेशोत्सवाचे मांडव आहेत, जत्रा आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळांची मैदानं आहेत. त्यासाठी हैदराबादच्या कुठल्याही वितरकाला विचारायला जायचं कारण नाही.