एका कर्करोगाच्या शोधाची ऐंशी वर्षे

अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरकडे म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू लागली की 'वय झालं' म्हणून विषय संपवतात. बहुतेकदा ती वयाने वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असते. काहींना मात्र तिथे कर्करोग निघतो. हा कर्करोग कुणाला होतो, याचा शोध ऐंशी वर्षांहून जुना आहे.

१९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले, की अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन दिले तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही ओसरतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुरुषी संप्रेरकांवर हा आजार पोसतो, हे पक्के झाले. मग प्रश्न आला: आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी पुरुषांत तो जास्त, जपान्यांत कमी, हे का? १९९०च्या दशकात संशोधकांनी 'एसआरडी५ए२' जनुक धरले. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे अधिक जोरकस रूप बनवणारे विकर त्यातून तयार होते. पुढे लखनौच्या संजय गांधी संस्थेतही उत्तर भारतीय रुग्णांत असे जनुकीय फरक तपासले गेले.

पण लहान अभ्यासांतले निष्कर्ष मोठ्या अभ्यासांत टिकेनात. २००८ मध्ये १८ अभ्यासांतल्या ३,८८६ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनच्या पातळीचा धोक्याशी संबंध दिसला नाही. २०२१ पर्यंत चित्र बदलले होते: जनुकसंचात धोका वाढवणाऱ्या २६९ जागा, प्रत्येकीचा वाटा थोडा. त्यांची बेरीज आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत युरोपीयांच्या सरासरी २.१८ पट, पूर्व आशियाईंत ०.७३ पट भरली. या तुलनेत भारतीयांचा वेगळा गटच नव्हता.

ही उणीव आपणच भरून काढायला हवी. 'जीनोम इंडिया'ने सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती २०२५ मध्ये खुली केली. पण आजाराची नोंद नसेल तर तिचा उपयोग अर्धाच. नागपुरात १९८० पासून, वर्ध्यात २०१० पासून कर्करोग नोंदणी चालते. मेळघाटातल्या कोरकूंपासून अकोल्याच्या शेतकऱ्यापर्यंत प्रत्येक रुग्ण अशा नोंदीत यायला हवा.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल, तर धोका साधारण दुप्पट होतो. ही माहिती घरात विचारा, डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.