शेणातले जिवाणू आणि ऊन

जानेवारीच्या गारठ्यात बदनापूर तालुक्यातल्या एका शेतवस्तीवर गोबरगॅस भरताना बघत होतो. घरच्या बाईंनी कुंडीत शेणाची घमेली रिती केली, तेवढंच पाणी ओतलं आणि हातानं काला करायला घेतला. कडब्याची काडी किंवा खडा हाताला लागला की बाहेर. काड्या आत गेल्या तर वर साय धरते, गॅस अडतो. गुठळ्या मोडल्यावर त्यांनी कुंडीच्या तोंडातला बोळा काढला आणि रबडी गडगडत खाली गेली.

"थंडीत कमीच येतो गॅस, भाऊ. उन्हाळ्यात सरत नाही."

टाकीत हवा नसते. तिथं काही जिवाणू शेण कुजवून ॲसेटिक आम्ल करतात, आणि मिथेन करणारे दुसरे सूक्ष्मजीव त्याचा गॅस करतात. गारठा पडला की दोघंही मंदावतात. ही ऊर्जा मुळात उन्हाचीच, पण ज्वारीच्या ताटातून आणि जनावराच्या पोटातून फिरून आलेली, वाटेत बरीच सांडलेली.

हा फेरा टाळता येतो, हे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पेइडाँग यांग यांच्या गटानं दाखवलं. त्यांचा जिवाणू मूरेला थर्मोॲसेटिका. तोही १९४२ मध्ये घोड्याच्या लिदीतूनच वेगळा केलेला, उजेडाशी कसलाही संबंध नसलेला. त्याला कॅडमियम आणि गंधक असलेलं सिस्टीन दिल्यावर त्यानं स्वतःच्याच अंगावर कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण चढवले. कण ऊन झेलतात, सुटलेले इलेक्ट्रॉन जिवाणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचं ॲसेटिक आम्ल करतो. म्हणजे आपल्या टाकीतला एक टप्पा, शेणाशिवाय! सिस्टीन मात्र त्यात खर्च होत राहतं. पुढे २०१९ मध्ये असेच कण मिथॅनोसार्सिना बार्केरी या सूक्ष्मजीवावर चढवून थेट मिथेनही मिळाला.

हरखून जावं असंच हे काम आहे. तरी माझं लक्ष राहतं ते टाकीबाहेरच्या खड्ड्याकडे. तिथली स्लरी दुपारी मोसंबीच्या आळ्यांत गेली. गॅस जळून जातो, पण शेणातलं नत्र स्लरीत उरतं. या घराला तिचं मोल गॅसइतकंच आहे. पण त्या कणांतलं कॅडमियम विषारी, स्लरीतून मातीत गेलं की पिकात उतरतं. यांग यांच्याच गटानं २०१८ मध्ये कॅडमियमऐवजी सोन्याच्या अणूंचे बारीक पुंजके जिवाणूच्या आत घालून पाहिले. सोनं विषारी नाही, पण वस्तीवरच्या टाकीत ते कोण घालणार? जवळच जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचं संकुल २०१८ पासून आहे. तिथल्या मुलांनी स्वस्त, निर्विष कणांचा शोध हाती घ्यावा, आणि पहिली चाचणी उरलेल्या गाळाची, मोसंबीच्या आळ्यात घ्यावी.