डावीकडचे पूज्य

एकावर पूज्य दिले की दहा होतात. तेच पूज्य एकाच्या आधी दिले तर एकाचा एकच राहतो. तेव्हा डावीकडच्या शून्यांवर व्याख्यान कसले, असे कोणी विचारील. पण मोटारींच्या पाट्या पाहाव्यात. बारामतीची एमएच-४२, तर कोल्हापूरची एमएच-०९. तेथे ते शून्य गाळून चालत नाही. कारण तो आकडा मोजण्यासाठी नसून ओळखण्यासाठी आहे.

सोमेश्वरनगरच्या मंडळींना दाखला उसाचाच द्यावा. समजा, तोडीची पाळी नोंदीच्या क्रमाने लागते आणि नोंदी आहेत ७, ४२ व ३०५. संगणकात हे आकडे संख्या म्हणून ठेवले तर क्रम बरोबर लागतो. अक्षरे म्हणून ठेवले, तर यंत्र शब्दकोशाच्या शिस्तीने डावीकडचा पहिला अंक आधी पाहते. मग ३०५ पुढे, ४२ मागाहून आणि ७ सर्वांत शेवटी! ज्याची नोंद पहिली, त्याचाच ऊस फडात वाळत उभा. ०००७, ००४२, ०३०५ असे लिहिले म्हणजे हा उलटा न्याय टळतो.

हे शून्य भरावे कसे? कॅनडात जन्मलेल्या केनेथ आयव्हर्सन या गणितज्ञाने १९६२ साली आपल्या लेखनपद्धतीवर ग्रंथ लिहिला. तीतून पुढे एपीएल ही संगणकभाषा निघाली. तिची खुबी अशी की, एकेक संख्या हाती न घेता सबंध यादीवर एकदम क्रिया करता येते. यादीत दहा हजार मिळवावेत: १०००७, १००४२, १०३०५. त्यांची अक्षरे करून एकाखाली एक मांडावीत आणि पहिला उभा रकाना कापून टाकावा. शून्ये आपसूक जागेवर येतात. मोजक्या चिन्हांत काम संपते.

आम्हाला मात्र या युक्तीची थोडी धास्तीच वाटते. क्रमांक १२३४५ असेल तर बेरीज २२३४५. पहिला अंक कापला की उरतात २३४५. यंत्र तक्रार करीत नाही. २३४५ चा खरा धनी तर निराळाच. दोन शेतकरी एका क्रमांकात बुडाले! यासाठी यादीतील सर्वांत मोठी संख्या आधी शोधावी, तिचे अंक मोजावेत आणि मगच काय मिळवायचे ते ठरवावे. पाच अंक असतील तर लाख. एपीएलमध्ये ही मोठी संख्या काढायला दोनच चिन्हे लागतात: एक दोहोंतील मोठी निवडणारे, दुसरे ती निवड सबंध यादीवरून फिरविणारे.